दादाची व्हीलचेअर

भाचीच्या लग्नाला बेंगळूरला जाताना मी दादाला आमच्या बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानाने नेलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे जो वाद सुरू झालाय तो काय मिटायला तयार नाही. दादा ५२ वर्षांचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. विमानाच्या शिडीपाशी तो थबकला, पाय उचलेना, मागे रांग अडली आणि विमान दहाएक मिनिटं उशिरा सुटलं. त्याच विमानात ओळखीचे दोघं होते, त्यामुळे बातमी आमच्याआधी टिळकवाडीत पोचली. मग हळदीकुंकू असो, बारसं असो, भाजी घेताना पहिल्या रेल्वे गेटपाशी कुणी भेटो, तोच विषय. एक बाजू म्हणते, कशाला गं विमानाने नेतीस, राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे की रात्रीची, सत्तर माणसांचा खोळंबा कशाला. दुसरी बाजू म्हणते, असं बोलू नये, देवाची लेकरं ती, सांभाळून घ्यायला पाहिजे. मला दोन्ही बाजूंचा त्रास होतो, आणि खरं सांगायचं तर दुसरीचा जास्त, कारण ती माझ्या बाजूची म्हणवते. दोघांनाही एक गोष्ट आधीच मान्य आहे, की दादा म्हणजे एक त्रास. आता तो सोसायचा की नाही एवढाच काय तो वाद. दादाने तिकीट काढलंय, तो प्रवासी आहे, हे कुणाच्या बोलण्यातच येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला विमानतळावर व्हीलचेअर मिळते आणि तिचे पैसे घेत नाहीत, घेऊही नयेत. दादाचे पाय ठणठणीत आहेत. गर्दीत पुढे काय होणार ते त्याला कळत नाही, अनोळखी माणसाने घाईत सांगितलेलं डोक्यात उतरत नाही, कान दुखला तर कान दुखतोय हे सांगता येत नाही. त्याची व्हीलचेअर म्हणजे शेजारी बसलेलं ओळखीचं माणूस. म्हणजे मी. ही व्हीलचेअर आज पूर्ण भाड्याने मिळते, तिची सीट कुठे येईल याची खात्री नसते आणि शेजारची सीट पाहिजे असेल तर वरून वेगळे पैसे. पायाच्या अपंगत्वाला जो न्याय लावला तोच बुद्धीच्या अपंगत्वाला लावा, यापलीकडे मी काही मागत नाहीये. दया तर नकोच नको.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते खरं म्हणून घेते. सगळ्यात मोठा मुद्दा सेफ्टीचा आणि तो खोटा नाही. नवं विमान पास करताना निम्मे दरवाजे बंद ठेवून सगळी माणसं ९० सेकंदात बाहेर पडतात का हे बघतात. सांबऱ्यावरून उडणारं एटीआर म्हणजे सत्तर-अठ्ठ्याहत्तर सीटांचं, मधली वाट एकच, तीही अरुंद. अशा वेळी शिडीपाशी थबकला तसा दादा वाटेत थबकला तर मागच्यांचं काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी निर्दयी म्हणणार नाही. एअर होस्टेसच्या जागी मी असते तर मलाही धडधडलं असतं. खरं हाच प्रश्न शेवटपर्यंत नेऊन बघा की. दादा वाटेत थबकला तर त्याला कोण हलवणार? क्रू हलवू शकेल? अनोळखी माणसाने दंड धरला की तो खालीच बसतो, त्याला तसंच आहे. त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून "चल दादा, घरी" म्हटलं की तो उठतो, आणि ते जिच्या तोंडून तो ऐकतो ती बाई त्या दिवशी सहा रांगा मागे खिडकीला बसवलेली होती. सेफ्टीची एवढी काळजी असलेल्या व्यवस्थेने सेफ्टीचं एकमेव साधनच त्याच्यापासून लांब नेऊन ठेवलं होतं. शेवटी एका मुलाने आपणहून सीट बदलून दिली, कॉलेजचा असेल, नाव विचारायचं राहून गेलं.

म्हणजे सेफ्टीचा मुद्दा माझ्या विरुद्ध जात नाही, तो माझाच आहे. अमेरिकेत विमानात दिव्यांगांशी भेदभाव करू नये असा कायदा १९८६ साली झाला. त्याखालच्या नियमात हे नीट सोडवलेलं आहे: सुरक्षेच्या सूचना कळू शकत नाहीत अशा प्रवाशाबरोबर माणूस पाहिजेच असं कंपनी म्हणू शकते, पण प्रवासी म्हणत असेल मी एकटा जाऊ शकतो आणि तरी कंपनीनेच सोबती लादला, तर त्या सोबत्याचं भाडं कंपनीने घ्यायचं नाही. कॅनडा याच्या पुढे गेला. तिथे २००९ पासून 'एक माणूस, एक भाडं' असा नियम आहे, देशातल्या प्रवासात ज्याला सोबत्याशिवाय जाताच येत नाही त्याच्या सोबत्याच्या सीटचे पैसे मोठ्या कंपन्यांना घेता येत नाहीत. कंपन्या कोर्टात गेल्या होत्या, तिथल्या सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच घेतलं नाही. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपली रेल्वे बघा. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगाला स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे, फर्स्ट आणि सेकंड एसीला ५० टक्के, आणि सोबतच्या माणसालाही तेवढीच. राणी चन्नम्मातून जा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते, त्या गाडीच्या तिकीट खिडकीला जे कित्येक वर्षांपूर्वी कळलं ते विमानाच्या काउंटरला अजून का कळू नये?

लगेच उत्तर येतं की रेल्वे सरकारची, विमान खाजगी, तुमच्या दादासाठी आम्ही जास्तीचं भाडं का भरायचं. हेही मी उडवून लावत नाही. विमान कंपनी चालवणं सोपं नाही, किती बुडाल्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय, आणि लहान गावाची विमानं तर आज आहेत उद्या नाहीत अशी असतात. पण बेळगावकरांनी हा मुद्दा जरा जपूनच काढावा. सांबऱ्याला १९४२ साली धावपट्टी झाली ती इंग्रजांनी लढाईसाठी केली, त्यानंतर कितीतरी वर्षं आपण विमान पकडायला गोव्याला नाहीतर हुबळीला जात होतो. आपल्याला इतक्या गावांना विमानं मिळाली ती उडान योजनेत आल्यावर, आणि उडानमध्ये लहान गावाच्या सीटमागे सरकारी पैसा असतो, मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून वसूल केलेलाही त्यात असतो. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाने बेळगावच्या प्रवाशाचा भार थोडा उचलला म्हणून आपण उडालो. तेव्हा आपण म्हणालो का, की दुसऱ्याने आमच्यासाठी का भरावं? त्या योजनेचं नाव फोडून बघा, उडे देश का आम नागरिक. त्या आम नागरिकात दादा धरलाय की नाही एवढंच मला विचारायचंय. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंदलेले लोक सुमारे १५ लाख होते, आख्ख्या देशात. त्यातले विमानाने जाणारे किती, आणि त्यांच्या सोबत्यांच्या सवलतीने कुणाचं तिकीट किती रुपयांनी वाढणार?

गैरफायद्याचा मुद्दा राहिला. व्हीलचेअरचा घेतातच की, रांग चुकवायला धडधाकट लोक खुर्चीत बसतात हे मी स्वतः पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो. पण त्यावर कुणी व्हीलचेअर बंद करा म्हणत नाही. आणि बौद्धिक दिव्यांगाचं खोटं सोंग एका तिकिटासाठी कोण आणणार? त्यासाठी आधी मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं, टक्केवारी ठरते, ४० टक्क्यांच्या खाली असेल तर सवलती नाहीत, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, जे आख्ख्या देशात चालतं. आमच्या सीमाभागातल्या माणसाला तर या एका कार्डाची किंमत जास्तच कळते, नाहीतर एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्याच्या खिडकीवर चालत नाही हे आपण जन्मभर बघत आलोय. कार्ड आहे, त्यावर फोटो आहे, अपंगत्वाचा प्रकार लिहिलाय. बुकिंग करताना नंबर टाकायची एक जागा द्या आणि दोन सीटा शेजारी बांधून टाका, झालं. लहान मुलांसाठी हे केलंच आहे ना, एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईबापापैकी एकाच्या शेजारची सीट द्यायचीच. दादा म्हणजे लहान मूल असं मी म्हणत नाहीये, कुणी म्हटलेलं मला चालत नाही. पण शेजारचं माणूस ही काही जणांची गरज असते, चैन नसते, हे एका ठिकाणी कळलंय तर दुसऱ्या ठिकाणी कळायला अवघड का?

आता डॉक्टरच्या सर्टिफिकेटकडे येते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नव्हतं, मुलगा घाबरलाय म्हणून. सहप्रवाशांनी बाजू घेतली, त्यात डॉक्टरही होते, तरी विमान त्याला सोडून गेलं. डीजीसीएने त्या कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि म्हटलं की जरा मायेने हाताळलं असतं तर मूल शांत झालं असतं आणि ही वेळच आली नसती. मग जुलै २०२२ मध्ये नियम सुधारला: अपंगत्वाच्या कारणाने कुणाला नाकारायचं नाही, विमानात तब्येत बिघडेल असं वाटलं तर डॉक्टरने प्रत्यक्ष तपासून मत द्यायचं, त्यानंतर कंपनीने ठरवायचं, आणि नाकारलंच तर कारणासकट लगेच लेखी द्यायचं. नियम चांगला आहे, लेखी कारणाची अट तर फारच चांगली. पण नीट वाचा, डॉक्टर येतो तो तब्येतीसाठी. दादाची तब्येत कशी बिघडणार? तो आजारी नाहीच. बौद्धिक अपंगत्व हा ताप नाही, की आज आहे आणि उद्या उतरला. मला फोनवर सांगितलं फिट टू फ्लाय सर्टिफिकेट आणा, म्हणून मी आमच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी बीपी बघितलं, छातीला नळी लावली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, यात मी नेमकं काय लिहू? हा प्रश्न मला अजून आठवतो, कारण त्याला उत्तर नव्हतं.

हा घोळ आजचा नाही. १९३७ च्या विमान नियमावलीत एक नियम आहे, मानसिक विकार किंवा फेफरं असलेल्या माणसाला जाणूनबुजून विमानात नेऊ नये. न्यायचंच तर त्याच्यापासून धोका नाही असं डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे, मनोरुग्ण खवळलेला असेल तर गुंगीचं औषध पाहिजे, सोबत माणूस पाहिजे. त्या काळच्या कायद्याला वेड आणि मतिमंदपणा यातला फरक करायची फारशी गरजच वाटत नव्हती, १९१२ चा ल्युनसी ॲक्ट बघा. आपण त्यातून बाहेर आलो, १९९९ ला बौद्धिक अपंगत्व वगैरेंसाठी नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, २०१६ ला दिव्यांग हक्कांचा कायदा आला ज्यात २१ प्रकार वेगवेगळे मोजलेत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर मतिमंदत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे असं चक्क व्याख्येत लिहिलंय. नव्या कायद्यांच्या पुस्तकातून ती सरमिसळ गेली. काउंटरवरच्या पोरीच्या डोळ्यातून गेलेली नाही. ती दादाकडे बघते आणि मला विचारते, "मॅडम, हे काही करणार नाहीत ना?" तिला दोष द्यायचा तर किती द्यायचा, तिला जे शिकवलं नाही ते तिला कुठून येणार? पण तिच्या त्या एका प्रश्नात १९३७ अजून जिवंत आहे.

दुसरी ऐकून ठेवण्यासारखी केस सुप्रीम कोर्टातली. जीजा घोष, सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारं अपंगत्व) असलेल्या कार्यकर्त्या, त्यांना २०१२ साली कोलकात्याला चढलेल्या विमानातून उतरवलं होतं, गोव्याला परिषदेला चालल्या होत्या. २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना १० लाखांची भरपाई दिली. लोक म्हणतील त्या शिकलेल्या, बोलणाऱ्या, त्यांच्या बुद्धीला काही झालेलं नव्हतं, तुझ्या दादाशी त्याचा काय संबंध. संबंध हाच, की त्या स्वतः उठून कोर्टात जाऊ शकल्या. दादा जाऊ शकत नाही. मग न बोलता येणाऱ्याचा हक्क बोलता येणाऱ्यापेक्षा कमी होतो का? माझ्या मते तिथे दुसऱ्यांची जबाबदारी वाढते.

आता जरा त्या दिवसाकडे येते, कारण हा सगळा वाद करणाऱ्यांनी सिक्युरिटीची रांग डोळ्यांसमोर आणलेलीच नाही. जायच्या आधी तीन आठवडे मी रोज संध्याकाळी दादाची तयारी करून घेत होते. स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या शेजारी लावायच्या, साडीच्या काठाचा पट्टा करून पोटाला बांधायचा, आणि उलथनं घेऊन त्याच्या हातांवरून, पाठीवरून, पायांवरून फिरवायचं, तोंडाने "टीं" म्हणत. त्याने हात आडवे पसरून उभं राहायचं. पहिले दोन दिवस गुदगुल्या झाल्या म्हणून हसत होता, मग गंभीरपणे करायला लागला, आई चपात्या लाटताना दिसली की आपणच हात पसरून उभा राहायचा. सगळं बसलं होतं. एक गोष्ट मी विसरले, त्याच्या कमरेचा चांदीचा करदोटा. सांबऱ्याला मशीन खरोखरच वाजलं. जवानाने "शर्ट ऊपर करो" म्हटलं आणि हात पुढे केला, आणि दादाने दोन्ही हातांनी कंबर घट्ट धरली. तो करदोटा आईने बांधलेला, आंघोळीलासुद्धा तो काढत नाही. आवाज चढला, दुसरा जवान आला, मी बायकांच्या पडद्याआड अडकलेली, माझी तपासणी चालू, आणि पलीकडून दादाचा तो आवाज, जो मला घरातल्या सगळ्या भिंतींतून ऐकू येतो. शिडीपाशी तो थबकला ते त्यानंतर वीस मिनिटांनी. म्हणजे विमानाला उशीर झाला तो शिडीपाशी नाही, तो इथेच झाला होता. जवानाचं काम त्याने केलं, करदोटा तपासायलाच पाहिजे, मी कुणासाठी तपासणी सोडा म्हणत नाही. पण सोबतच्या माणसाची तपासणी आधी उरका आणि मग दोघांना एकत्र उभं करा, एवढं करायला कुठला नियम आड येतो?

आणि भाषा. हे मी मुद्दाम लिहितेय कारण बेळगावात भाषेचं नाव काढलं की लगेच झेंडे निघतात, १९५६ पासून निघतायत, आणि मला या लेखात तो वाद नकोय. दादाला एकच भाषा येते, घरातलं मराठी. बाजारात ऐकून कन्नडचे चारपाच शब्द येतात, बा, साकु, ऊटा. हिंदी-इंग्रजी नाही. आपण सगळे तीन-चार भाषांतून दिवसभर उड्या मारतो, कोणत्या दुकानात कोणती बोलायची ते आपल्याला कळतसुद्धा नाही इतकं सहज करतो. त्याला ती उडी मारता येत नाही. त्याच्यासाठी घरच्या भाषेतला आवाज म्हणजे ओळखीचा माणूस आणि दुसऱ्या भाषेतला चढलेला आवाज म्हणजे भांडण. हे जसं बेळगावच्या मराठी दादाचं तसंच जत-अक्कलकोटकडच्या कन्नड घरातल्या अशाच एखाद्या अण्णाचं, पुण्याच्या विमानतळावर त्याच्यावर कुणी मराठीत ओरडलं तर तोही कंबर धरून उभा राहील. म्हणून ही मागणी कुणाच्या विरुद्ध नाही. सांबऱ्याला काम करणारी कितीतरी पोरं आजूबाजूच्या गावचीच, त्यांना मराठी येतं, कन्नड येतं. अशा प्रवाशाशी बोलताना त्याच्या घरची भाषा विचारून घ्या आणि त्या भाषेतले चार शब्द वापरा. हात वर करा. थांबा. झालं. चला. चारच शब्द लागतात.

त्यातही 'करा', 'कर' नव्हे. माझ्याशी बोलताना "मॅडम, तुम्ही" आणि दादाशी बोलताना "ए, इकडे ये". केस पांढरे झालेत त्याचे. गल्लीत सगळी पोरं त्याला दादा म्हणतात आणि अहो-जाहो करतात, कारण आमच्या वडिलांनी तशी शिस्त लावली होती, आणि तो त्या 'अहो'ला कसा उभा राहतो ते बघायला पाहिजे, पाठ सरळ होते त्याची. बोललेलं सगळं कळत नसेल, पण आपल्याला कोण कसं बोलतंय हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतं. देवाची लेकरं म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच, लेकरू म्हटलं की 'ए' म्हणायची मुभा मिळते.

कान दुखण्याचं थोडक्यात सांगते, कारण तिकडेही लोक "आरडाओरडा करतात" एवढंच बघतात. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका ठेवतात, उतरताना तो बदलतो आणि कान दडपतो. आपण आवंढा गिळतो, सुटतो. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं डोक्यात काहीतरी झालं. मी दादाला उतरायच्या आधी लिमलेटची गोळी देते आणि दोन हातांनी कान धरून दाखवते. हे शेजारी बसूनच होतं, सहा रांगा मागून नाही.

मागच्या शतकात रेल्वेचं काय झालं ते आठवा. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे ऑफिसला लिहिलेलं एक पत्र दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे, फणस खाऊन पोट बिघडलं, अहमदपूर स्टेशनवर उतरून बसलो, गार्डाने शिटी मारली, एका हातात लोटा आणि एका हातात धोतर घेऊन पळालो आणि फलाटावर पडलो. इंग्रजी मोडकं आहे म्हणून ते पत्र हसत हसत वाचतात. मला हसू येत नाही. त्या काळी खालच्या वर्गाच्या डब्यात संडास नव्हता, आणि ज्यांनी डबे बांधले त्यांना तो नसणं विचित्र वाटत नव्हतं, कारण डबा आखणाऱ्याच्या मनातल्या प्रवाशाला पोटच नव्हतं. आज संडासाशिवाय लांबच्या गाडीचा डबा कल्पनेतही येत नाही आणि त्याला कुणी सवलत म्हणत नाही. विमानाचंही तसंच आहे, ते आखणाऱ्याच्या मनात जो प्रवासी आहे तो घाईत आहे, वाचतो, तीन भाषा जाणतो, रांगेत उभा राहतो, दाब बदलला की गिळतो. दादा त्या मनात नव्हता.

मोठ्या विमानतळांना हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी येतानाचं ऐकावं. बेंगळूरला न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलं छापलेली हिरवी फीत देतात, २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविकला ही पद्धत सुरू झाली. ती गळ्यात घातल्यावर मला एकदाही कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, आम्हा दोघांना एका बाजूने नेलं, करदोटा मी आधीच दाखवला, दादाने हात पसरले. एवढ्या अफाट गर्दीच्या ठिकाणी जमतं. मग सांबऱ्याला, जिथे दोन विमानांच्या मधे टर्मिनल अर्धं रिकामं असतं, तिथे त्याहून चांगलं जमायला पाहिजे.

आणि त्या रिकाम्या वेळावरच माझं लक्ष आहे. बोस्टनच्या लोगन विमानतळावर २०११ पासून अशा मुलांची आणि घरच्यांची रंगीत तालीम घेतात, चेक-इन, सिक्युरिटी, विमानात बसणं, सगळं खरं, फक्त विमान उडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या घरांत असं माणूस आहे त्यांना महिन्यातून एकदा सांबऱ्याला दोन तास आत येऊ द्या. जवानांनाही सवय होईल, काउंटरवरच्या पोरींनाही, "हे काही करणार नाहीत ना" हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी मोकळेपणाने विचारावा, मी उत्तर देईन. खर्च म्हणाल तर चहाचा. मी तसा अर्ज लिहून ठेवलाय, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, कन्नड मजकूर शेजारच्या काकांनी तपासून दिला, दोन ठिकाणी चुकलं होतं. सोमवारी सांबऱ्याला नेऊन देणार आहे, दादाला घेऊनच जाणार आहे.